हॉलमधून मेक्सिको

आमच्याकडे हॉलमध्ये चप्पल घालणं म्हणजे महापाप. हा कायदा माझ्या आईचा. पुण्याहून सिंगापूरला माझ्याकडे राहायला आली तेव्हा तिने तो माझ्या नवऱ्यालाही लागू केला, आणि बिचारा जावई असूनही निमूट पाळतो. तीच आई गेल्या वर्षी पर्स काखोटीला मारून, चप्पल घालून आमच्या सोफ्यावर बसायला लागली. का, तर म्हणे, "प्रवासात अनवाणी कोण बसतं?"

या वेडाचं मूळ एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, सरकत्या जिन्यात आहे. आई तिथे पडली. मनगट मोडलं, मग जुळलंही; पण त्या दिवसापासून तिने घराबाहेर पाऊल टाकलं नाही. डॉक्टर म्हणाले, हाड ठणठणीत आहे, आता चालवा यांना. चालवा म्हणे! आज अमावास्या, उद्या पाय जड, परवा लिफ्टला कसलातरी वास येतो. मी चिडायचे, विनवायचे, परत चिडायचे. पालथ्या घड्यावर पाणी. ओढून लिफ्टपर्यंत नेलं तर दार उघडताच तिचा हात थरथरायला लागायचा आणि मलाच रडू यायचं. आई आता या चार भिंतींतच संपणार, अशी मला धास्ती बसली होती.

त्यात आमचं मेक्सिको अडलं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून मी आणि नवरा तिथल्या एका निवांत किनाऱ्यावरून गाडीने भटकणार होतो. नवऱ्याला गाडी चालवायची कोण हौस! सिंगापुरात गाडी घ्यायची म्हणजे घर विकून गाडीतच राहायला जायचं, म्हणून ती हौस तशीच राहिलेली. पण लेक दिवसभर कॉलेजात, मग दाराबाहेर न पडणाऱ्या आईला कुणावर सोडायचं? बेत बारगळला. मला आईची काळजी वाटत होती आणि तिचा रागही येत होता, दोन्ही खरं.

नवऱ्याने मग हौस टीव्हीवर भागवायला घेतली. कोणा एका माणसाने गाडीला कॅमेरा लावून तो सगळा किनारा हळूहळू पार केला होता. बोलणं नाही, गाणं नाही. नुसता रस्ता, निवडुंग आणि बाजूला समुद्र. तांजोंग पगारच्या ऑफिसातून आला की हा रोज खुर्ची ओढून टीव्हीसमोर बसायचा. पहिल्याच दिवशी आई स्वयंपाकघरातून डोकावली आणि किंचाळली, "अहो जावईबापू, हा उजवीकडून चाललाय! मरेल ना!"

"आई, तिकडे उजवीकडूनच चालवतात."

"पण समोरून येणाऱ्याला माहितीये का ते?"

समोरच्याला माहीत आहे ना, एवढं बघायला ती बसली, ती बसलीच. दुसऱ्या दिवशी भडंग केलं, प्रवासात तोंडात टाकायला काहीतरी हवं म्हणून. मग चहाचा थर्मास आला, पलीकडे गॅस असताना! मग आवळासुपारी, कारण वळणांवर तिला चक्क गाडी लागायला लागली. टीव्ही बघून! पुढची खुर्ची नवऱ्याची, जावयाचा मान. आम्ही दोघी मागे सोफ्यावर, त्यातही खिडकीची जागा तिची. स्पीडब्रेकर दिसला की ती "धरा!" म्हणून ओरडायची आणि आम्हीही मुकाट्याने धरायचो. कडेला चर्च दिसलं की हात जोडायची. शहाळ्याची टपरी आली की गाडी थांबायची, म्हणजे नवरा रिमोट दाबायचा. मी फ्रीजमधून शहाळं आणायचे, आणि ते पिऊन होईपर्यंत अख्खं मेक्सिको जागच्या जागी उभं.

"आजी, इट्स ओन्ली अ व्हिडिओ लाह," लेक तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

"तू अभ्यास कर. तुला पुढच्या वेळी नेऊ."

एक दिवस कच्चा रस्ता लागला, तेव्हा ती उठून चप्पल घालून आली. मध्येच उतरावं लागलं तर? मी तोंड उघडणार, तेवढ्यात नवऱ्याने डोळ्यांनी दटावलं.

आणि एका रविवारी रस्ता संपला. गाडी मोकळ्या किनाऱ्यावर थांबली. इतके दिवस न दिसलेला ड्रायव्हर पहिल्यांदा दिसला, तोही पाठमोरा. टक्कल, हाफ पँट. कॅमेरा गाडीतच ठेवून तो सरळ पाण्यात जाऊन उभा राहिला. आम्ही बघत बसलो. बराच वेळ काहीच घडेना.

"आपण कशाला बसलोय?" आई म्हणाली.

"म्हणजे?"

"अगं, पोचलो ना! उतर की. एवढ्या लांब येऊन पाण्यात पाय नाही बुडवायचे?"

पर्स काखोटीला होतीच, चप्पल पायात होतीच. तिने जाऊन दाराची कडी काढली. नवऱ्याच्या तोंडात भडंगाचा तोबरा. त्याने हातानेच खूण केली, बोलू नकोस. लिफ्ट आली. आईने माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली. वासाचं नाव काढलं नाही.

टॅक्सी निघाली आणि ती पुन्हा किंचाळली, "अगं बाई, हा तर डावीकडून चालवतोय!"

"आंटी ओके?" ड्रायव्हरने घाबरून विचारलं.

आंटी आत्ताच मेक्सिकोहून आल्यात, नवऱ्याने त्याला समजावलं.

ईस्ट कोस्टच्या, म्हणजे आमच्या सिंगापूरच्याच किनाऱ्यावरच्या, वाळूत तिने चपला काढून हातात घेतल्या. समोर मालवाहू जहाजांची ही रांग. पाणी घोट्यापर्यंत आलं तशी ती थांबली.

"टीव्ही बंद केलात ना? नाहीतर तो टकल्या उभाच राहायचा तिकडे."

मी हसले. तिने माझं मनगट सोडलं नव्हतं.

"आता तुम्ही दोघं जाऊन या," ती म्हणाली.

"कुठे?"

"मेक्सिकोला, दुसरं कुठे! मी नाही येणार हं, माझं झालंय बघून. शहाळं चांगलं मिळतं, रस्ते भिकार."

"आणि तू काय करशील इथे?"

"पाय मोकळे करायला येईन की इथे. वाट कळली आता."

"आई, हात थरथरतोय तुझा."

"थरथरू दे. पाय चालतायत ना?"

मला रडू फुटलं, अगदी भोकाड पसरल्यासारखं. तिने माझं मनगट सोडलं, साडी वर खोचली आणि एकटीच आणखी थोडी पाण्यात गेली.