खिल्लारे सर आणि शिलाचा ढावलो

खिल्लारे सरांचा मराठीचा तास सुरू झाला की शेजारच्या वर्गातले गणिताचे मास्तर खिडकी लावून घ्यायचे. त्यांचा तरी काय दोष? भिंतीपलीकडे चाळीस पोरं एका चालीत श्लोक म्हणत असतील तर इकडे समीकरण कोणाच्या बापाला सुटणार!

प्रमोद खिल्लारे मूळचे हट्टा गावचे. एक्याण्णव साली डोंगरकडा गावाजवळच्या एका हायस्कुलात लागले, आणि पहिल्याच महिन्यात त्यांनी गाईडवर बंदी घातली. आपल्याकडे कवितेचा जीव घ्यायला गाईडाइतकं स्वस्त हत्यार दुसरं नाही, हे त्यांचं ठाम मत होतं. कविता आली की अर्थ सांगायचा नाही, फळ्यावर शब्दार्थ लिहायचे नाहीत. आधी चालीत म्हणायची, दोनदा, तीनदा. मग पोरांना विचारायचं, "काय झालं?" कवीला काय म्हणायचं होतं ते नव्हे, ऐकताना तुला काय झालं ते सांग.

ही खोड त्यांना आईमुळे लागली. रुख्मिणीबाई शाळेची पायरी न चढलेली बाई. पहाटे जात्यावर बसायची तेव्हा लहानगा प्रमोद तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेला असायचा. जातं फिरलं की मांडी हलायची, मांडी हलली की ओवी यायची. पुढं कॉलेजात ओवीचे साडेतीन चरण त्यांनी घोकून पाठ केले, पेपरात चांगले मार्कही मिळवले, पण ती हलणारी मांडी कुठल्याच पुस्तकात सापडली नाही याचं त्यांना फार वाईट वाटायचं. आपल्या पोरांचं तसं होऊ द्यायचं नाही, एवढंच त्यांनी ठरवलं होतं.

पोरंही बिलंदर. श्लोकाच्या दिवशी सोनाजी नावाचा मागच्या बाकावरचा गडी उठून म्हणाला, "सर, हे म्हणताना पाठ आपोआप सरळ होऊन राहिली." सर खूश. आर्या वृत्तातली कविता आली तेव्हा तोच सोनाजी डोकं खाजवत म्हणाला, "कवी लई हुशार व्हते सर, पण आमाला काहून एवढी तकलीफ देऊन राहिले?" वर्ग हसला, सरही हसले, आणि त्यांनी आर्या पुन्हा एकदा इतकी सावकाश म्हटली की सोनाजीलाही शेवटी मान डोलवावी लागली. पोवाड्याला तर मागची अख्खी रांग उभी राहिली आणि हेडमास्तर छडी घेऊन दारात आले. अभंग झाला त्या दिवशी आकांक्षा नावाची मुलगी म्हणाली, "आमच्या घरी देव न्हाई सर. पण ह्यो माणूस देवासंग जसा भांडतो तसं मी बाबासंग भांडते. मला भांडण आवडलं." असं उत्तर मिळालं की सरांना दिवसभर भूक लागायची नाही.

या सगळ्यात एक पोरगी कधीच बोलायची नाही. शिला. जवळच्या बंजारा तांड्यावरच्या जगनची लेक. घरात गोरमाटी बोली, तोंडातून मराठी निघाली की एखादा शब्द तिकडचा यायचा आणि पोरं फिदीफिदी हसायची. म्हणून ती 'हजर' एवढंच म्हणायची, आणि तेही हळू. सरांनी तिला कधी डिवचलं नाही. बोलेल तेव्हा बोलेल, असं ते म्हणायचे.

ती बोलली ती नववीत, नव्याण्णवच्या दिवाळीनंतर. त्याच वर्षी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला होता आणि शाळेच्या पाटीवर जिल्ह्याचं नाव नव्यानं रंगवलं होतं. ओवीचा तास होता. लेक सासरी निघालीय आणि आई दळता दळता तिची आठवण काढतेय, अशा ओव्या. सरांनी आईच्या चालीत म्हटल्या आणि विचारलं, "काय झालं?" तेवढ्यात शिला उभी राहिली.

"सर, हे आमच्यात बी हाय."

"मग म्हण की."

ती इकडं तिकडं पाहू लागली. "हे एकटीला म्हणता येत न्हाई. गळा लागतो."

म्हणजे काय ते कोणाला कळायच्या आत तिनं शेजारच्या आकांक्षाच्या गळ्यात हात टाकले, डोकं तिच्या खांद्यावर ठेवलं आणि सुरू केलं. ना ते धड गाणं, ना धड रडणं. सूर वर चढायचा, हुंदक्यापाशी मोडायचा, पुन्हा उचलायचा. शब्द अर्ध्या वर्गाला कळत नव्हते. पण फिदीफिदी हसणारी पोरं माना खाली घालून बसली आणि आकांक्षाच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा वाहू लागल्या. हा ढावलो. तांड्यावरची नवरी माहेर सोडताना एकेका नात्याच्या माणसाच्या गळ्यात पडून म्हणते तो. शिलानं तो चुलत बहिणीच्या लग्नात ऐकून ऐकून उचलला होता.

सरांना आनंदानं काही सुचेना. आणि माणसाला काही सुचेनासं झालं की तो जे करतो तेच त्यांनी केलं: घाई केली. जानेवारीच्या स्नेहसंमेलनात 'काव्याची रूपं' असा कार्यक्रम बसवला. श्लोक, अभंग, पोवाडा, आणि शेवटी शिलाचा ढावलो. तांड्यावरच्या लोकांना मुद्दाम आमंत्रण धाडलं, गाणं कुठलं ते मात्र कळवलं नाही. आपलं गाणं पहिल्यांदाच शाळेच्या स्टेजवर येणार म्हणून सगळी मंडळी नटूनथटून आली, पुढं बसली. शिलानं आकांक्षाच्या गळ्यात पडून ढावलो म्हटला. गावकऱ्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. तांडा मात्र उठला आणि निघून गेला.

सोमवारी शिला शाळेत आली नाही. मंगळवारीही नाही. तांड्यावरचा सेवा नावाचा पोरगा तिच्याच वर्गात होता, त्याला सरांनी विचारलं.

"ती आता येत न्हाई सर. लगीन काढून राहिले तिचं."

"काहून?"

"ढावलो म्हणली न्हाई का," सेवा म्हणाला, जणू हे सरांना माहीतच असायला हवं होतं.

सर हेडमास्तरांकडे गेले. हेडमास्तर म्हणाले, "दरवर्षी दोन-चार पोरी गळतातच, खिल्लारे. मनाला लावून घेऊ नका." हे 'दरवर्षी' ज्यानं कोणी शोधून काढलं त्याला एकदा भर उन्हात उभं केलं पाहिजे. सर तिथून उठले, सायकल काढली आणि थेट तांड्यावर गेले.

लिंबाखाली माणसं जमलेलीच होती. तांड्याचा नायक भीमसिंग, शिलाचा बाप जगन, आणि बाजेवर शिलाची आजी मोतीबाई. तांड्यातल्या प्रत्येक नवरीला लग्नाआधी ढावलो शिकवायची ती हीच. सरांना पाणी दिलं, बसायला दिलं. राग होता, पण माणुसकी सोडलेली नव्हती.

"गुरुजी, पोरगी ढावलो जन्मात एकदाच म्हणते," भीमसिंग शांतपणे म्हणाला. "घराचा, माणसांचा निरोप घेते. निरोप घेतलेलं लेकरू परत घरात ठेवता येत न्हाई. वाईट असतं."

"लोक नावं ठेवून राहिले," जगन म्हणाला. "बाळापूरकडचं स्थळ हाय. उन्हाळ्यात उरकून टाकतो."

सर म्हणाले, "चूक माझी हाय. तिला काहीच माहीत नव्हतं. दंड करायचा तर मला करा."

"तुमी आमच्यातले न्हाई. तुमाला दंड कसा करायचा?" भीमसिंगला खरोखरच अडचण पडली होती.

सरांनी कायदा सांगितला. तो सगळ्यांना माहीत होता. पोरगी हुशार आहे हे सांगितलं. तेही माहीत होतं. हिंगोलीला मुलींचं बोर्डिंग आहे, राहण्याखाण्याची सोय फुकट आहे, दहावी तिथून होईल, असंही सांगून झालं. जगन जमिनीकडं बघत राहिला. झोपडीच्या दारात शिला उभी होती, तिच्याकडं बघायची सरांना हिंमत होईना. आपल्या हौसेपायी एका लेकराची शाळा बुडाली, हे त्यांच्या मनाला डागण्या देत होतं. सांगण्यासारखं सगळं संपलं तेव्हा ते बाजेकडं वळले आणि त्यांच्या तोंडून सवयीचाच प्रश्न निघाला.

"आजी, तुमी समोरच बसला व्हता. तिचं ऐकताना तुमाला काय झालं?"

मोतीबाईला असं कोणी कधी विचारलं नव्हतं. ती बाजेवर सरळ होऊन बसली. मग म्हणाली, "माझी आई आठवली."

मोतीबाई पुढं सांगू लागली.

"मी हिच्यापेक्षा बारीक व्हते. बायांनी रडायला सांगितलं, रडले. काहून रडायचं ते कळतच न्हवतं. सासरी गेल्यावर कळलं, तवा गळ्यात पडायला कोणी न्हवतं. एवढ्या पोरींना शिकवलं म्या, कोणाला बराबर जमलं न्हाई. हिला जमलं." ती भीमसिंगकडं वळली. "तुमी म्हणता ते खरं हाय. म्हणली हाय तर तिला घर सोडावं लागंल. सोडू द्या. पण सासरलाच जा असं ढावल्यात कुठं सांगितलंय? गुरुजी म्हणतात त्या बोर्डिंगात जाऊ द्या."

"अन् माघारी आली तर?" जगननं विचारलं.

"सासरच्या लेकी येत न्हाईत का सणाला? तशी येईल."

भीमसिंग विचारात पडला. मोतीबाईपेक्षा ढावलो जास्त कळणारं माणूस तांड्यावर नव्हतं, आणि ते त्यालाही ठाऊक होतं. शेवटी तो म्हणाला, "मग निरोप रीतीनं झाला पाहिजे. स्टेजवरचा धरायचा न्हाई. जाताना सगळ्यांच्या गळ्यात पडून म्हणायचं." सरांनी हात जोडले.

शिला त्या बोर्डिंगातून दहावी झाली, पुढं नर्सिंगचा कोर्स केला, दोन हजार सातला सरकारी दवाखान्यात लागली. पण सरांना कोणी विचारलं, की मास्तरकीत काय कमावलं, तर ते हे सांगत नाहीत. ते जूनमधली ती सकाळ सांगतात.

डोंगरकड्याच्या स्टँडवर तांडा लोटला होता. हिंगोलीची गाडी लागली होती आणि कंडक्टर घंटीच्या दोरीला हात लावून खोळंबला होता. नवरदेव नाही, वाजंत्री नाही, एक पत्र्याची पेटी तेवढी. शिला एकेकाच्या गळ्यात पडत होती. आई, चुलत्या, मैत्रिणी. जगनपाशी आली तेव्हा तो गडी भर स्टँडवर ढसाढसा रडला. मोतीबाईचा गळा तर ती सोडेचना. सर गर्दीच्या कडेला उभे होते. हा घरच्या माणसांचा निरोप, आपलं इथं काम नाही, असं त्यांना वाटत होतं.

मोतीबाईनं डोळे पुसले आणि नातीला ढकललं. "गुरुजी राहिले."

"त्यांना काय म्हणू, दादी?" ढावल्यात प्रत्येकाला नात्यानं हाक मारावी लागते, नात्यावाचून तो म्हणताच येत नाही.

मोतीबाईनं सरांकडं एकदा नीट पाहिलं. हट्ट्याच्या रुख्मिणीबाईचा हा लेक. त्याच्या जातीला, त्याच्या घराला तांड्यानं आजवर कधी नातं लावलं नव्हतं.

"मामा म्हण," ती म्हणाली. "घराबाहेर पडणाऱ्या लेकीला मामा लागतो."

शिला आली. तिचा हात सरांच्या गळ्यापर्यंत पोचेना, म्हणून सर खाली वाकले.