हात मागे घेणारा पैलवान

सखाराम गेल्याची बातमी मला जुन्या जालन्यात, कापडाच्या दुकानात कळली. त्याच्या पुतण्याचा फोन होता. कोण गेलं, असं दुकानदाराने विचारलं. सखाराम पैलवान, मी म्हटलं. "तो दगाबाज?" तो पटकन बोलून गेला आणि ओशाळला. मला त्याचा राग आला नाही. ते नाव मीच ठेवलं होतं... जत्रेतल्या माईकवरून.

मी शाळामास्तर, हौसेने आखाड्यात पुकारा करायचो. सखाराम माझा बालमित्र. तरुणपणी तो सरळ लढायचा आणि कुणी ढुंकून बघत नसे. परगावी जिंकला तरी लोक गप्प, कारण त्यांचा गडी पडलेला. एकदा सलामीला त्याने हात पुढे केला आणि समोरच्याचा हात येताच झटकन मागे घेऊन मिशीवर फिरवला. मैदान पेटलं. मी माईकवर "दगाबाज" म्हणालो आणि त्याच्या आयुष्याची वाट लावली. मग गावोगावची बोलावणी सुरू झाली, आधीच ठरलेल्या नुरा कुस्तीत हरण्यासाठी. नायक व्हायला गावाने तुम्हाला आपलं म्हणावं लागतं, त्यात उमर जाते. खलनायकाला एक हात मागे घेतला की भागतं.

पण त्याला एकदा आपल्या गावात टाळ्या हव्या होत्या. चाळिशी उलटल्यावर म्हणाला, "मास्तर, यंदा गावात खरी कुस्ती लढून राह्यलो. तू मधात बोलू नको."

जत्रेच्या दिवशी सलामीला सखारामने हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. समोरचा नवा गडी त्या हाताकडे बघत राहिला, मग हसून त्यानेच आपला हात मागे घेतला. सखारामची ख्याती ऐकून आला होता ना! अख्खं गाव खदखदून हसलं. मी माईकवर खरं सांगू शकलो असतो. शब्द दिला होता म्हणून गप्प बसलो, असं मी आजवर स्वतःला सांगत आलो... सखारामने शेवटी तोच हात मिशीवर फिरवला, मूठभर माती त्या गड्याच्या तोंडावर फेकली आणि ठरल्यासारखा हरला. घरी जाताना एवढंच बोलला, "आता सुटका न्हाई, मास्तर."

दहाव्यानंतर भेटायला गेलो. ओट्यावर मंडळी त्याच्या दगाबाजीचे किस्से सांगून हसत होती, प्रेमानेच. वहिनींनी मला आत बोलावलं. खुंटीवर एक केशरी फेटा होता, कुण्या गावाने बांधलेला नव्हे, त्याने स्वतःच विकत आणलेला. दर जत्रेच्या दिवशी तो दार लावून आरशासमोर फेटा बांधायचा, थोडा वेळ बसायचा आणि सोडून ठेवायचा, असं त्या म्हणाल्या. त्या खोलीबाहेर तो फेटा कधी गेला नाही. मोठा करून आणलेला त्याचा फोटो भिंतीला टेकवून ठेवला होता. वहिनींनी फेटा हातात घेतला.

"फोटोला बांधू का, भाऊजी? लोकं हासतील का?"

बाहेर पुन्हा हशा पिकला. मी उठलो आणि दार लावून घेतलं.