सातव्या धुनेतला सूर

भुवईवरून निसटलेला घामाचा थेंब बाबांच्या कीबोर्डच्या काळ्या पट्टीवर पडला, क्षणभर थरथरला... आणि बोट घसरलं. इतवारी बाजारातल्या कापडदुकानाच्या माडीवरचा तो स्टुडिओ, मे महिना, खडखडतो म्हणून बंद ठेवलेला कूलर, त्याच्या ओल्या वाळ्याचा विरत चाललेला गंध, खालून येणारा कोऱ्या कापडाच्या खळीचा वास — आणि कोपऱ्यात, श्वासही हळू घे असं बजावून बसवलेली नऊ वर्षांची मी. प्रेमगीतांच्या सोळा धुना, नुसत्या कीबोर्डवर, ही सातवी.

"एक डाव अजून घेऊ," बाबा म्हणाले.

"काहून गा मनोहर?" स्टुडिओचा मालक हसला. "लग्नात लोकं जेवून राहिले असतात तवा वाजते हे. वरणावर तूप पडलं का पाहतीन, का तुहा सूर ऐकतीन?"

बाबा हसले नाहीत; मालकाने मात्र तोच तुकडा ठेवला आणि आठवी धून सुरू करायला लावली.

कॅसेट आली. वेष्टनावर गुलाब, गालाला गाल लावलेलं कुठलंसं गोरं जोडपं. बाबांचं नाव कुठेच नाही. पुढे सीडी निघाली, आता मोबाइलवर तोच अल्बम — 'विविध कलाकार'! अहो, कसले विविध? दहा बोटं होती, एकाच माणसाची! कलावंतांच्या हक्कांसाठी पत्रकं लिहायला मी या संतापातूनच शिकले. आणि 'लिफ्टमधलं संगीत' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनो, याच धुना वाजत असताना मंगल कार्यालयात तुम्ही एकमेकांकडे चोरून पाहिलंत ना? मग आता लाज कसली?

बाबा गेले त्या हिवाळ्यात मी कॅसेट कंपनीला खरमरीत पत्र लिहायला बसले, तर आई शांतपणे म्हणाली, "कोनाशी भांडून राहिली वं? नाव तं त्यायनंच काढायले लावलं. म्हणे, चुकलेल्या सुराखाली मी सही नाही करत."

मी पेन खाली ठेवलं... आणि थोड्या वेळाने पुन्हा उचललं. त्यांनी मागितला होता फक्त आणखी एक प्रयत्न. तो नाकारायचा, आणि स्वाभिमानी माणसाला स्वतःचंच नाव पुसायला लावायचं — हा अन्याय नाही तर काय?

पत्राला उत्तर आलं नाही. आज मोबाइलवर त्या अल्बमखालच्या प्रतिक्रियांत, अनोळखी लोकांच्या बदामांच्या आणि उसाशांच्या गर्दीत, माझी एक ओळ आहे — कीबोर्ड : मनोहर, सावनेरवाले.

बाबा, हवं तर रागवा. मी ती खोडणार नाही.