आठ ट्रॅकचं मशीन आणि माझ्या गोधड्या

काल गोधड्या उन्हात टाकल्या. डांबरगोळ्यांचा वास आला आणि खिळ्यांची भोकं दिसली. माझे दीर, विलासभाऊजी, यांच्या घरगुती स्टुडिओची ही निशाणी.

त्यांच्या भजनी मंडळात माणसं आठ, म्हणून महाशयांनी चिखलीहून प्रत्येकाचा आवाज वेगळा घेणारं आठ ट्रॅकचं मशीन आणलं. स्वस्तात मिळालं म्हणून गावभर मिरवले. माइक मात्र एकच परवडला. मग आवाज घुमू नये म्हणून माझ्या गोधड्या भिंतींवर ठोकून घरातल्या एका कोंदट खोलीत एकेकाला बोलावणं सुरू झालं. पहिले टाळकरी महादूबुवा.

"गाणाराच नाही, तं मी टाळ कोणासाठी वाजवू बे?" बुवांनी विचारलं.

"बुवा, तुमाले सिस्टीम समजत नाही," भाऊजी म्हणाले.

बुवा उठून अंगणात गेले, मागोमाग सगळे. तिथे भजन असं रंगलं की मी ते मोबाईलवर घेतलं. भाऊजी आत वायरी गुंडाळत बसले होते.

तेव्हा मला फक्त गोधड्यांना भोकं पाडल्याचा राग आला होता. आता बुवा नाहीत. मी अंगणात घेतलेलं तेच भजन भाऊजींच्या फोनची रिंगटोन आहे, आणि हा माणूस लोकांना सांगतो, "आपल्या स्टुडिओतलं हाये, आठ ट्रॅकचं!"

मधेच माझ्या कुकरची शिट्टी ऐकू येते. तो बहुतेक नववा ट्रॅक असावा.