बघण्यासारखं काय आहे इथे?

आमच्या तळघरात, इथल्या भाषेत केलरमध्ये, रिकाम्या बाटल्या साठतात ना, तसे आमच्या ग्रुपचे किस्से साठतात. मुद्दाम कोणी ठेवत नाही, पण एक दिवस दार उघडलं की धडाधड अंगावर येतात! आज त्यातले म्युझियमचे तेवढे काढते.

जर्मनीतल्या हॅनोव्हरहून तासाभरावर आमचं गाव. गिअरबॉक्सची एक मोठी कंपनी, चार धुराडी, एक जुना श्लॉस, म्हणजे राजवाडा, आणि बंद पडलेल्या कापड गिरणीत थाटलेलं छोटंसं म्युझियम. कंपनीमुळे पाच-सहा मराठी घरं इथे येऊन पडलीयेत. त्यातला संदीप पुण्याचा. आल्या दिवसापासून त्याचं एकच पालुपद, "बघण्यासारखं काय आहे इथे?"

मी इचलकरंजीची. माझ्या गावाबद्दल हाच प्रश्न ऐकत मी मोठी झाले. कॉलेजात, नोकरीत, अगदी लग्नाच्या बैठकीतसुद्धा! त्यामुळे हा प्रश्न कोणी विचारला की माझं डोकंच फिरतं. मी जाहीर करून टाकलं, गावात येणारा एकही मराठी पाहुणा म्युझियम बघितल्याशिवाय परत जाणार नाही. कोण अडवतंय बघू!

*

पहिला बकरा अर्थात संदीपच. तो नुकताच पॅरिसहून आला होता. तासन् तास रांगेत उभा राहिला आणि शेवटी लोकांची डोकी बघून परतला. आमच्या म्युझियममध्ये मात्र आम्ही दोघंच. लूडर्स नावाचे पंच्याहत्तरीचे आजोबा म्युझियम एकटेच सांभाळतात. आम्हाला बघून ते लगबगीनं उठले आणि एकेका दालनातले दिवे लावत पुढे निघाले.

मी संदीपला म्हटलं, "पॅरिसमध्ये तुझ्यासाठी कोणी दिवा तरी लावला का रे?"

*

लूडर्स आजोबांची फ्युरुंग, म्हणजे गाइडेड टूर, दर रविवारी दहाला. आमचा सगळा ग्रुप यायचं ठरलं. आता आपलं "निघालोच" म्हणजे काय ते तुम्हाला माहितीये! कोणाचे पोहे व्हायचे होते, कोणाच्या मुलाला मोजे सापडत नव्हते. आम्ही पोचलो साडेदहाला. आतून लूडर्सचा खणखणीत आवाज येत होता. म्हटलं, अरे वा, आज गर्दी दिसतेय!

आत डोकावलो तर दालन रिकामं. आजोबा एकटेच हातवारे करून भिंतीला माहिती सांगत होते. टूर दहाची म्हणजे दहाची, माणसं असोत नसोत!

आम्हाला बघून ते जरा थांबले. "या. तुमचं अठरावं शतक चुकलं. पुढच्या रविवारी मिळेल."

परत पहिल्यापासून सांगतील तर शपथ!

*

मग उन्हाळ्यात माझी आई आली. पहिल्या आठवड्यातच तिची झोप उडाली. जेट लॅग वगैरे काही नाही. "अगं, काय ही शांतता! कोणी गेलंय का बिल्डिंगमधलं?" इचलकरंजीत आमच्या घराला लागूनच यंत्रमाग. दिवसरात्र खडखडाट. इथे रविवारी खिळा ठोकला तरी शेजारी वर येतात.

तिलाही मी म्युझियममध्ये नेलं. शेवटच्या दालनात एक जुना माग आहे, दोरीच्या आत. लूडर्स तो चालवून दाखवतात. त्याआधी सगळ्यांना आवाजाचा त्रास नको म्हणून कानाला लावायला मोठे हेडफोन देतात. आईनं ते परत दिले आणि बाकावर टेकली. माग सुरू झाला. खट्याक खट्याक, खट्याक खट्याक! बघता बघता आईची मान कलली. बाई घोरायला लागली!

लूडर्सनी दोन मिनिटांनी माग बंद केला. आई खाडकन जागी झाली.

"काय गं, लाईट गेली?"

तेव्हापासून ती दर रविवारी दुपारी म्युझियममध्ये झोपायला जायला लागली. लूडर्स तिच्यासाठी माग पाच मिनिटं जास्त चालवायचे.

*

सप्टेंबरमध्ये आजोबांचा चेहरा उतरलेला दिसला. म्युझियम बंद करायचं ठरत होतं. कोणी येत नाही म्हणे! माग गावाबाहेरच्या गोडाऊनमध्ये जाणार होता. "हा गेला तर मी सकाळी उठून जायचं कुठे?" असं ते म्हणाले आणि मला गलबलून आलं. रागही आला. कोणी येत नाही, मग आम्ही कोण?

मी तडक राटहाऊसमध्ये, इथल्या नगरपालिकेत, गेले आणि जमेल तशा जर्मनमध्ये भांडले. तिथला साहेब थंडपणे म्हणाला, "पण तुम्ही मूळच्या इथल्या नाही ना?"

म्हटलं, "हे टॅक्स घेताना नाही विचारलंत!"

उपयोग शून्य. पण घसा मोकळा झाला.

*

आईचं परतीचं विमान आलं नेमकं दसऱ्याच्या दिवशी. आदल्या दिवशी खंडेनवमी. सकाळीच तिनं गाडी, मिक्सर, माझा लॅपटॉप, सगळ्यांना हळदकुंकू लावलं आणि म्हणाली, "आणि त्या मागाला कोण विचारणार?"

"आई, तिथे हात लावायला बंदी आहे."

"बघते मी."

सगळी वरात म्युझियमवर. बाल्कनीतल्या झेंडूची माळ, बॅटरीवरचा दिवा. आणि हॅनोव्हरहून नारळ कोणी आणावा? संदीपनं! माझी लेक इरा आमचं मराठी ऐकते आणि उत्तर जर्मनमध्ये देते. तिनं लूडर्सना समजावलं की आज यंत्रांची सुट्टी असते, त्यांना नमस्कार करतात. आजोबा मागाजवळ गेले. मग स्वतःच्या हातानं त्यांनी दोरी सोडली.

आई हात जोडून वळते तोच राटहाऊसचा तो साहेब दोन धिप्पाड माणसं आणि ट्रॉली घेऊन दारात उभा.

"माग न्यायला आलोय."

लूडर्सनी कोपऱ्यातून 'रूहेटाग'ची पाटी आणली, हॉटेलं साप्ताहिक सुट्टीला लावतात ती, आणि मागाला अडकवली. "आज याची सुट्टी आहे. नियम आहे तसा."

साहेबानं कुंकू बघितलं, माळ बघितली. "बरं. उद्या नेतो."

इरानं आजीला सांगितलं. आई म्हणाली, "उद्या कसं? पूजा जिनं मांडली तिनंच उतरवायची. तोवर यंत्र जागचं हलवायचं नाही."

हा नियम मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते! पण इरानं तो खणखणीत जर्मनमध्ये ऐकवला. लूडर्स जोरात म्हणाले, "गेनाऊ! अगदी बरोबर! नियम म्हणजे नियम."

"मग त्यांना उद्या येऊन उतरवायला सांगा."

"उद्या मी विमानात."

"परत कधी येणार?" साहेबाचा आवाज चढला.

आईनं कुंकवाचा करंडा शांतपणे पिशवीत ठेवला.

"ते तुमच्याच हातात आहे. व्हिसा द्या, लगेच येते!"