आमच्या साडूंचं प्रशिक्षण

धडधाकट राहणं ज्याला मुळीच मानवत नाही असा जगात मी एकच माणूस पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. हात, पाय, डोळे, कान सगळं देवानं जागच्या जागी दिलेलं असताना हे गृहस्थ त्यातलं काही ना काही बंद ठेवून वावरायचे. येडगावला आमच्या धाकट्या मेहुणीच्या लग्नात ते काखेत कुबड्या घेऊन मांडवात शिरले. बायका हळहळल्या, सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला, एका मामांनी तर हाडवैद्याचा पत्ताही सांगून टाकला. साडूंनी सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि पंगतीत झकास मांडी घालून बसत म्हणाले, "पायाला काय झालं न्हाई. कुबडीची उंची बघत व्हतो. काखेत लई रुततीय." त्यानंतर ती नवरी मेहुणी वर्षभर त्यांच्याशी बोलत नव्हती.

हा सगळा त्यांच्या नोकरीचा प्रताप. जुन्नर-आंबेगावच्या साध्या शाळांत जी अपंग मुलं शिकत, त्यांच्या मास्तरांना श्रवणयंत्र, ब्रेलची पाटी, पांढरी काठी ही साधनं वापरायला शिकवायचं, हे त्यांचं काम. नव्वदच्या दशकात असलं प्रशिक्षण म्हणजे तालुक्याला हॉलमध्ये भाषण, हारतुरे, चहा आणि लांबून दाखवलेलं यंत्र. मग ते यंत्र शाळेच्या कपाटात कुलूपबंद. बिघडलं तर जबाबदारी कुणाची, हा प्रश्न आम्हा मास्तर लोकांना ते कशासाठी आहे यापेक्षा जास्त छळायचा. साडूंना मात्र हॉलची ॲलर्जी होती. ते मास्तरांच्या डोळ्यांवर टॉवेल बांधायचे, हातात पांढरी काठी द्यायचे आणि मेथी आणायला जुन्नरच्या आठवडे बाजारात सोडायचे. एक गुरुजी असेच धडपडत शेपूची जुडी घेऊन आले. शेपूचा वास साऱ्या बाजारात सुटलेला, पण यांना पत्ता नाही. साडूंनी ती जुडी सगळ्यांच्या नाकाखालून फिरवली आणि डोळे बंद झाले म्हणून नाकही सोडून द्यायचं का, असं विचारलं. घरीसुद्धा हेच. डोळे बांधून पिठलं करायचे, आणि ते खायची वेळ आमच्यावर यायची.

आमच्या शाळेत त्यांना मीच बोलावलं. निरगुडसरच्या पलीकडे एका वस्तीवर माझी शाळा होती. तिथं चौथीत अलका नावाची मुलगी होती. तिला फार कमी ऐकू यायचं. छातीवर डबी आणि कानापर्यंत वायर, असं सरकारी श्रवणयंत्र तिला मिळालं होतं, पण पोरगी ते घालायची नाही. घातलं की तासाभरात उपसून दप्तरात कोंबायची. तिचे वडील शाळेत येऊन सांगून गेले होते, की मशीन असून ऐकू येत नसेल तर दिवाळीनंतर पोरगी शेळ्यांमागं जाईल. त्या वेळी अलकाची आई दारात उभी राहून नुसती आमच्याकडं बघत होती. मला ते बघणं सहन झालं नाही.

अलकाचा वर्ग मोठ्या गुरुजींकडे, म्हणजे आमच्या हेडमास्तरांकडे होता. माणूस सोन्यासारखा, पण यात्रेत बैलगाड्यांच्या शर्यतीचा पुकारा करणारा. भोंगा बंद पडला तरी घाटाच्या, म्हणजे गाडे पळतात त्या धावपट्टीच्या, दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा आवाज, आणि ओठ झाकून टाकणाऱ्या भरघोस मिशा. मुलीला कमी ऐकू येतं म्हणून ते बिचारे तिच्या कानाशी वाकून, जीव तोडून पाढे ओरडत होते.

साडूंनी वर्ग बघितला आणि यंत्र मोठ्या गुरुजींच्या छातीवर अडकवलं. त्यांना अलकाच्या जागेवर बसवलं आणि मला म्हणाले, गुरुजी तिला शिकवतात तसंच यांना शिकवा. मी सातचा पाढा हेडमास्तरांच्या पट्टीत सुरू केला. मला मजा आली हे नाकारत नाही. त्यात बाहेर हापशावर कळश्या आदळत होत्या, वर पत्रा तडतडत होता. पाढा निम्मा व्हायच्या आत गुरुजींनी वायर उपसली. मग कान चोळत त्यांनी त्या डबीकडं बघितलं.

"असं व्हतं व्हय तिला," ते म्हणाले.

"आवाज मोठा करायचं काम मशीनचं हाय, गुरुजी," साडू म्हणाले. "तुमी निस्तं तिच्याकडं तोंड करून साधं बोला. आन् तेवढ्या मिशा बघा, तिला व्हट दिसत न्हाईत."

मिशांचं ऐकून आम्ही सगळे खाली बघायला लागलो. सोमवारी मोठे गुरुजी मिशी साफ उतरवून आले. मग काय, दिवसभर शाळेत माणसांची रीघ. गुरुजींचे वडील, थोरले आबा, गेले असं समजून गाव भेटायला आलं. आबा घरी सुपारी कातरत बसलेत, हे गुरुजींना प्रत्येकाला सांगावं लागलं. पण त्यांनी मिशी पुन्हा वाढवली नाही. साधं बोलायला मात्र त्यांना फार कष्ट पडले. दिवाळीची सुट्टी संपली त्या सकाळी आम्ही दोघं उगाचच फाटकाशी घुटमळत होतो. अलका आली, दप्तर घेऊन, वायर कानात. गुरुजींना भरून आलं, आणि मलाही.

चैत्रात यात्रा भरली. साडू आणि मी घाटाच्या कडेला शेंगा खात बसलो होतो, पुढं अलका. गाडा जुंपला, गर्दी श्वास रोखून उभी, आणि भोंग्यातून मोठ्या गुरुजींचा अगदी घरातला आवाज आला, "अलके, मशीनचं चाक बारीक कर गं." अलकानं डबीवरचं आवाजाचं चाक फिरवलं, हात वर केला, आणि मगच गुरुजींनी डरकाळी फोडली. गर्दीला काही कळलं नाही. साडूंनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि धुरळा लई हाय म्हणाले.

पुढं योजना बदलली, साडूंची नेमणूक संपली. ते येडगावला शेतीवर राहायला गेले. बऱ्याच वर्षांनी परवा गेलो, तर काठी टेकत, जपून पावलं टाकत ओट्यावर आले. मी सवयीनं विचारलं, "आता कशाची उंची बघताय?"

ते हसले. "ही माझी हाय, पावणं," म्हणाले. "उंची बराबर हाय. अलकी आली व्हती, तिनं बघून दिली."