मोटारीच्या दिव्यातली चांदी

मी आठवीत शाळा सोडली. वडोदऱ्याच्या गॅरेजात मला काम मिळालं ते केवळ तिथल्या मालकांच्या, आमच्या उस्तादांच्या, भरवशावर. तिथे जुन्या मोटारी पुन्हा उभ्या करतात. विजेचे दिवे यायच्या आधीच्या एका मोटारीचा पितळी दिवा त्यांनी माझ्या हवाली केला, तेव्हा गावापर्यंत तो मी पोटाशी धरूनच आणला. त्याची गॅसची डबी गळत होती. कथलाचा बारीक डाग देऊन गळती बुजवावी ती आमच्या मंगरूळपीरच्या दर्ग्यामागच्या कल्हईवाल्या चाचांनीच, असं मीच सांगून बसलो होतो.

तसा दिवा साधाच. डबीत वरून पाणी थेंबथेंब कार्बाईडच्या खड्यांवर पडतं, गॅस होतो, नळीतून दिव्यात जातो. अंधारून आलं की ड्रायव्हरनं खाली उतरायचं, काच उघडायची, काडी लावायची. ज्योत बोटभरच, तिच्यामागची चांदीचा मुलामा दिलेली वाटी उजेड लांब फेकते. ही चांदी काळी पडली होती. मऊ कापडानं नुसती टिपायची, असं उस्तादांनी बजावलं होतं.

डबी चाचांकडे टाकून घरी आलो, तर आई अंगणात दिवा घेऊन बसलेली. चिंच, राख, नारळाची शेंडी. देवाची भांडी घासावीत तशी तिनं वाटी घासली होती. पिवळीधमक.

"पाह्य बाप्पा, कसा चमकून राह्यला! किती काजळी होती! तुया मालकाच्या घरी चिंच नाई काय?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, ती चांदी होती."

"मंग? कुठं गेली?"

तिनं राखेच्या पाण्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटांकडे.

उस्तादांना फोन लावताना वाटत होतं, गेली नोकरी. त्यांनी आधी डबीचं विचारलं. मग म्हणाले, "चांदी फिर चढ़ जाएगी. बस, वो उस ज़माने की थी. माँ को कुछ मत बोलना."

बोलून तर झालं होतं.

चाचांचा डाग पक्का निघाला. दिवा पेटवला, पण उजेड अंगणातच अडखळला. आई बघायला बाहेर आली नाही.

उस्तादांनी मला ठेवून घेतलं, त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. पण आता गावी गेलो की माझी पिशवी आईचा हात न लागता जिथल्या तिथे पडून असते. परवा आई दारातूनच म्हणाली, "हा जेवणाचा डबा घासू काय रे, का असाच ठिवू?"